चारित्र्याचा दाखला : हजेरीच्या वहीपासून पोलीस पडताळणीपर्यंत



आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाची गोष्ट आधी सांगतो. पदवीधर आहे, घरात आई धुणीभांडी करते. एका कंपनीत निवड झाली, मेडिकल झाले, रुजू होण्याची तारीखही मिळाली. फक्त 'पोलीस व्हेरिफिकेशन' राहिले होते. पडताळणीत निघाले की, ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदच्या दिवशी दाखल झालेल्या गुन्ह्यात त्याचे नाव आहे. नोकरी थांबली. त्याने आम्हाला विचारले, "सर, केस तर सरकारने मागे घेतली ना? मग माझ्या नावापुढे अजून काय लिहिलंय?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला दीडशे वर्षे मागे जावे लागले. कारण 'चारित्र्य' तपासून दाखला देण्याचा पोलिसांचा अधिकार आकाशातून पडलेला नाही. त्याला इतिहास आहे आणि तो इतिहास जातीचा आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. गुन्हा माणूस करतो, जमात करत नाही, एवढी साधी गोष्ट या कायद्याने उलटी केली. सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की त्या जमातीतील माणसांची नावे रजिस्टरात चढत. पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. ठरवून दिलेली हद्द ओलांडायची तर पास लागे. पासाशिवाय सापडला तर अटक. आणि सर्वांत भयंकर म्हणजे, ही घोषणा चुकीची आहे असे म्हणून कोर्टात दाद मागण्याचीही सोय नव्हती. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांवरील मुले आईबापांपासून वेगळी करून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली.

हा कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ साली नवा कायदा आला आणि मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल करता येऊ लागला. नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूदही त्यात आली. पारधी, कैकाडी, भामटा, बेरड अशा कितीतरी जमाती या जाळ्यात अडकल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. आत राहणारी माणसे गिरणीत राबत, पण बाहेर जाण्या-येण्यावर पहारा. सोलापूरकर आजही त्या भागाला 'सेटलमेंट' म्हणतात. कुंपण गेले, नाव मात्र राहिले.

हजेरीचा जाच गावकुसाबाहेरच्या मांग समाजानेही भोगला. अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' कादंबरीत तो जाच मांडला आहे. चोरी कुणीही करो, आधी मांगवाड्यात धाड पडायची. त्या काळात 'चारित्र्य' म्हणजे तुम्ही काय केले हे नव्हते. तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात, हेच तुमचे चारित्र्य होते.

हे तर्कशास्त्र इंग्रजांनी विलायतेतून आणले नव्हते. बापाचा धंदा तोच मुलाचा धंदा, ही चातुर्वर्ण्याची शिकवण त्यांना इथे तयार मिळाली. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा हिशेब त्यांनी मांडला. मनूचा विचार आणि साहेबाची फाइल यांचा असा संगम झाला. बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांचा एकत्र विचार केला. गुन्हेगार जमातींची लोकसंख्या त्यांनी सुमारे २ कोटी दिली आहे. ज्या संस्कृतीत एवढी माणसे अशी जगतात ती संस्कृती कसली, असा त्यांचा रोख होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण कायदा गेला तरी वही बंद झाली नाही. जमातीच्या जागी 'सराईत गुन्हेगार' हा शब्द आला. आपल्याकडे १९५९ साली मुंबई सराईत गुन्हेगार कायदा झाला. कागदावर तो जात पाहत नाही. पण पोलीस ठाण्यातली जुनी माहिती, जुन्या याद्या आणि जुनी नजर तीच राहिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली असे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. ते काम अजून राहिलेच आहे.

हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबद्दल बोलावे लागले. मागास जाती-जमातींतील निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहातून अशा नोंदींत चढू नयेत, असे न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तुरुंगातील जातिभेदावरच्या निकालात न्यायालयाने कैद्यांच्या रजिस्टरातील जातीचा रकाना काढायला सांगितले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी हे सांगावे लागते, यातच सगळे आले.

आता आपल्या पोरांकडे येऊ. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात १० माणसे मेली. २००६ साली खैरलांजी घडले. २०१८ च्या १ जानेवारीला भीमा कोरेगावात हल्ला झाला आणि ३ तारखेला महाराष्ट्र बंद. प्रत्येक वेळी आपला समाज रस्त्यावर आला आणि प्रत्येक वेळी आपल्याच वस्त्यांत गुन्हे दाखल झाले. जात पाहून वही भरण्याची जुनी सवय आंदोलन पाहून वही भरू लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, भीमा कोरेगाव प्रकरणी दाखल ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतले.

इथेच त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मंत्र्यांनी घोषणा केली म्हणून कोर्टातला खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. तशी ऑर्डर निघाली तरी ती पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डवर चढली का, हे कोण पाहतो? सभागृहात टाळ्या वाजल्या, पण मुलाच्या नावापुढची नोंद तशीच राहिली.

कुणी म्हणेल, मग तपासणी करूच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर ठेवताना किंवा सोसायटीत वॉचमन नेमताना चौकशी हवीच, आमचीही लेकरे शाळेत जातात. पण चौकशी कृतीची व्हावी. गुन्हा दाखल होणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. जयंतीच्या तोंडावर मंडळाच्या कार्यकर्त्यांना दिलेली प्रतिबंधक नोटीस किंवा चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे. २०११ साली संदीप कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणीच्या किरकोळ चुकीवरून माणसाला आयुष्यभरासाठी बाद करू नये अशी भूमिका घेतली. २०१६ च्या अवतार सिंग निकालानेही गुन्ह्याचे स्वरूप, निकाल आणि नोकरीची जबाबदारी पाहून निर्णय घ्यावा असे सांगितले. मात्र त्याच निकालात माहिती लपवणे महागात पडते हेही आहे. म्हणून पोरांनो, फॉर्ममध्ये विचारले असेल तर खरे लिहा. निर्दोष सुटल्याच्या किंवा खटला मागे घेतल्याच्या ऑर्डरची प्रमाणित प्रत कोर्टातून काढून जवळ ठेवा. ती प्रत पोलीस ठाण्यात अर्जासोबत द्या आणि पोच घ्या.

आमच्या मागण्या साध्या आहेत. दाखल्यात दोषसिद्धी आणि प्रलंबित खटला यांत स्पष्ट फरक दाखवा. मागे घेतलेल्या आणि निकाली निघालेल्या प्रकरणांच्या नोंदी ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करा. १९५९ चा कायदा रद्द करा.

शेवटी एक कडू गोष्ट. आपल्या पोराचा दाखला अडला की आपल्याला अन्याय दिसतो. पण आपल्याच बौद्ध वस्तीशेजारी पारध्याने पाल टाकले की, "यांची आधी पोलिसात चौकशी करा" म्हणणारे आपल्यातही आहेत. आम्ही हे कानांनी ऐकले आहे. बाबासाहेबांनी तिघांची वेदना एकत्र मांडली होती. ती तोडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

त्या मुलाच्या ऑर्डरची प्रत काढायला येत्या सोमवारी आम्ही त्याच्यासोबत कोर्टात जात आहोत. ज्यांची अशी प्रकरणे अडली आहेत त्यांनी कागदपत्रे घेऊन अभ्यासिकेत यावे. विमुक्त बांधवांनी आधी यावे.

जयभीम! जय संविधान!