वंगण आपल्या हातचं

कोकणात ठासणीची बंदूक ही मिजास नव्हे, ते शेताच्या राखणीचं हत्यार. १८७८ साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला, तसा परवाना आला. १९५९ च्या आपल्या कायद्यातही पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची वाट ठेवलेली आहे. पण ती सांभाळायची कशी, हे घरातच शिकायचं.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. बार उडाला की सगळ्याचा धूर होत नाही. निम्म्याहून जास्त भाग क्षार आणि काजळी होऊन उरतो. हे क्षार हवेतली ओल ओढतात आणि नळी तांबारते. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून नुसतं तेल चोपडणं फुकट.

आमच्या वडिलांची रीत अशी. आधी गज सोडून नळी रिकामी असल्याची खात्री करायची. मग चुलीवरचं कढत पाणी ओतून, गजाला चिंधी गुंडाळून घासायचं, केपेच्या छिद्रातून पाणी नितळ येईस्तोवर. तापलेली नळी आपसूक सुकते. त्यावर खोबरेलाचा हलका हात. थंडीत खोबरेल थिजतं, म्हणून घोड्याला आणि चापाला शिलाई मशीनचं तेल. जवसाचं तेल फक्त दस्त्याच्या लाकडाला. लोखंडावर ते चिकट होऊन बसतं. रॉकेल गंज सोडवतं खरं, पण उडून जातं, राखण करीत नाही.

वंगण कुणाच्या हातचं, यावरून तर इतिहास घडला. १८५७ च्या जानेवारीत एन्फिल्डच्या काडतुसांना गाई-डुकराची चरबी लावलीय, अशी बोलवा उठली. सरकारनं मग कोरी काडतुसं देऊन शिपायांना आपल्या पसंतीचं वंगण लावायची मुभा दिली. पण तोवर विश्वास उडाला होता.

आता निवडणूक आली की बंदुका जमा कराव्या लागतात. एका वर्षी आमची ऐन पावसात जमा राहिली. परत मिळाली तेव्हा नळीत गंजानं खड्डे पाडलेले. तिथं कढत पाणी कोण घालणार? अशी नळी बार उडताना फुटली तर हात जायचा. भात लोंबीवर आलेलं, डुकरं बांधावर, आणि बंदूक खुंटीला. त्या साली आम्ही रातभर डबे बडवून राखण केली.