स्पॅगेटी वेस्टर्न चित्रपटांतील डबिंग

स्पॅगेटी वेस्टर्न चित्रपटांतील डबिंग म्हणजे १९६० व १९७० च्या दशकांत प्रामुख्याने इटली, स्पेन व पश्चिम जर्मनी यांच्या सहनिर्मितीतून तयार झालेल्या पाश्चात्त्य धाटणीच्या चित्रपटांत, चित्रीकरणानंतर संवादांचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण करून ते चित्राशी जुळवण्याची पद्धत होय. या चित्रपटांत पडद्यावर दिसणारा अभिनेता व ऐकू येणारा आवाज बहुधा दोन भिन्न व्यक्तींचे असत. अनेक अभिनेत्यांची नावे श्रेयनामावलीत बदललेली असत, तर आवाज देणाऱ्या कलाकारांची नावे सहसा दिलीच जात नसत. त्यामुळे या चित्रपटांतील एखादी भूमिका नेमकी कोणी साकारली, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक भाषेच्या आवृत्तीनुसार बदलते.

पार्श्वभूमी

इटलीत डबिंगची परंपरा वेस्टर्न चित्रपटांपेक्षा बरीच जुनी आहे. फॅसिस्ट राजवटीत १९३० पासून परकीय भाषेतील संवाद असलेल्या चित्रपटांच्या प्रदर्शनास परवानगी नाकारली जाऊ लागली. परिणामी विदेशी चित्रपट इटालियन भाषेत रूपांतरित करणारा एक व्यवसाय रोममध्ये उभा राहिला. स्पेनमध्येही १९४१ च्या आदेशाने विदेशी चित्रपटांचे स्पॅनिश डबिंग सक्तीचे करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन दिग्दर्शक स्वतःच्या देशी चित्रपटांचे संवादही चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रित करू लागले. नट निवडताना चेहरा व शरीरयष्टी पाहावी आणि आवाज नंतर शोधावा, हा रिवाज त्यातून रूढ झाला.

वेस्टर्न चित्रपटांना ही पद्धत विशेष सोयीची ठरली. त्यांचे बाह्यचित्रीकरण मुख्यत्वे स्पेनमधील आल्मेरिया प्रांतातील ताबेर्नासच्या वाळवंटी प्रदेशात व माद्रिदच्या परिसरात, तर अंतर्गत चित्रीकरण बहुधा रोममधील स्टुडिओंत होत असे. अमेरिकन, इटालियन, स्पॅनिश, जर्मन व ऑस्ट्रियन नट एकाच दृश्यात एकत्र येत. त्यांपैकी अनेक जण आपापल्या मातृभाषेत संवाद म्हणत आणि समोरच्याचे ओठ थांबले की आपले वाक्य सुरू करीत. चित्रीकरणस्थळी अंतिम वापरासाठी ध्वनिमुद्रण करायचे नसल्याने शांतता राखण्याची गरज नसे. दिग्दर्शक सेर्जियो लेओने यांनी 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) या चित्रपटाच्या चित्रीकरणावेळी एन्नियो मोरिकोने यांचे आधीच तयार असलेले संगीत वाजवून नटांच्या हालचालींना त्याची लय दिली, तेही यामुळेच शक्य झाले.

या पद्धतीचा एक परिणाम असा की, या चित्रपटांना काटेकोर अर्थाने 'मूळ' ध्वनिपट्टी नाही. इटालियन आवृत्तीत अमेरिकन नटांचे आवाज बदललेले असतात, तर इंग्लिश आवृत्तीत इटालियन व स्पॅनिश नटांचे.

कार्यपद्धती

संपादित चित्रपटाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची दोन टोके जोडली जात, जेणेकरून तोच अंश प्रक्षेपकावर पुन्हा पुन्हा फिरत राही. इटालियन व्यवसायात या तुकड्यास 'आनेल्लो' म्हणजे कडे म्हणत. तंत्र बदलल्यावरही डबिंगच्या कामाचे एकक म्हणून हा शब्द टिकून राहिला. स्वरकलाकार अंधाऱ्या कक्षात पडद्यासमोर उभा राहून ओठांच्या हालचालींबरहुकूम संवाद म्हणत असे. चित्रीकरणस्थळी कच्चे ध्वनिमुद्रण केलेले असल्यास त्याचा उपयोग केवळ मार्गदर्शनापुरता होई.

संवादलेखकाचे काम केवळ भाषांतराचे नसे. 'प', 'ब', 'म' यांसारख्या ओष्ठ्य वर्णांच्या उच्चारात ओठ मिटतात, ते पडद्यावरील ओठांच्या मिटण्याशी जुळवावे लागत. ब्लॅकलिस्टमुळे हॉलिवूडमध्ये काम मिळेनासे झालेले अमेरिकन अभिनेते मिकी नॉक्स यांनी 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) व 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' यांचे इंग्लिश संवाद लिहिले. काही नटांचे ओठ इटालियन वा स्पॅनिश शब्दांवर हलत असताना त्यांवर चपखल बसतील अशी इंग्लिश वाक्ये त्यांना शोधावी लागली.

टोपणनावे

'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) हा चित्रपट अमेरिकन भासावा यासाठी त्याच्या श्रेयनामावलीत इंग्लिश धाटणीची नावे वापरण्यात आली. लेओने यांचे नाव 'बॉब रॉबर्टसन' असे देण्यात आले. त्यांचे वडील, मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक व्हिन्चेन्झो लेओने, 'रोबेर्तो रोबेर्ती' या नावाने ओळखले जात, त्यावरून हे नाव घेतले होते. मोरिकोने 'डॅन सॅव्हियो' झाले, तर धिप्पाड सहाय्यक अभिनेते मारिओ ब्रेगा यांचे नाव 'रिचर्ड स्टाइव्हेसंट' असे छापले गेले.

हा प्रघात पुढे सर्वत्र पसरला. 'अ पिस्टल फॉर रिंगो' (१९६५) मध्ये जुलियानो जेम्मा हे 'माँटगोमेरी वुड', तर लोरेल्ला दे लुका या 'हॅली हॅमंड' या नावाने झळकल्या. रोममध्ये जन्मलेले आंतोनियो दे तेफे हे 'अँथनी स्टेफेन' झाले. स्पॅनिश अभिनेत्री निएवेस नाव्हारो यांनी पुढे 'सुझन स्कॉट' हे नाव घेतले. मारिओ जिरोत्ती व कार्लो पेदेर्सोली हे अनुक्रमे 'टेरेन्स हिल' व 'बड स्पेन्सर' या नावांनीच जगप्रसिद्ध झाले.

दुय्यम भूमिका करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र या प्रघाताने ओळख पुसली गेली. मारिओ ब्रेगा, बेनितो स्तेफानेल्ली, आल्दो साम्ब्रेल व लोरेन्झो रोब्लेदो हे चौघेही लेओने यांच्या 'डॉलर्स' चित्रत्रयीतील तिन्ही चित्रपटांत आहेत. प्रत्येक वेळी ते वेगळ्या पात्राच्या, बहुधा टोळीतील साथीदाराच्या, भूमिकेत दिसतात. चेहरे नेहमीचे आणि नावे अपरिचित अशी त्यांची स्थिती होती. आवाजावरूनही त्यांची ओळख पटणे कठीण होते, कारण एकाच नटाला निरनिराळ्या चित्रपटांत निरनिराळे आवाज मिळू शकत.

इटालियन आवृत्तींतील आवाज

'डॉलर्स' चित्रत्रयीच्या इटालियन आवृत्तींत क्लिंट ईस्टवूड यांना अभिनेते एन्रिको मारिया सालेर्नो यांनी आवाज दिला. हे चित्रपट अमेरिकेत १९६७ मध्ये प्रदर्शित झाले. तोवर इटालियन प्रेक्षकांना परिचित झालेला अनामिक बंदूकधारी हा ईस्टवूड यांचा चेहरा व सालेर्नो यांचा स्वर यांनी मिळून बनलेला होता. ली व्हॅन क्लीफ यांना एमिलियो चिगोली यांचा, तर 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये ईलाय वॉलाक यांना कार्लो रोमानो यांचा आवाज लाभला.

एकाच स्वरकलाकाराने किती भिन्न चेहऱ्यांना वाणी दिली, याचे ठळक उदाहरण नान्दो गाझोलो यांचे आहे. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मधील खलनायक जान मारिया वोलोन्ते, सेर्जियो कोर्बुच्ची यांच्या 'जँगो' (१९६६) मधील नायक फ्रँको नेरो आणि 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधील खलनायक हेन्री फोंडा या तिघांचाही इटालियन आवाज गाझोलो यांचाच आहे. नेरो हे गाझोलो यांच्याहून तेरा वर्षांनी लहान होते. जँगोचा प्रौढ, थकलेला स्वर हा पंचविशीही न गाठलेल्या नटाचा नव्हता.

डबिंग केवळ परभाषक नटांसाठीच होत असे, असे नाही. वोलोन्ते हे रंगभूमीवर घडलेले इटालियन नट असूनही या चित्रपटाच्या इटालियन आवृत्तीत त्यांचा स्वतःचा आवाज नाही. 'दे कॉल मी ट्रिनिटी' (१९७०) मध्ये टेरेन्स हिल यांना पिनो लोक्की यांनी, तर नेपल्समध्ये जन्मलेल्या बड स्पेन्सर यांना ग्लाउको ओनोराटो यांनी आवाज दिला. लोक्की हे शॉन कॉनरी यांचेही इटालियन आवाज होते.

इंग्लिश आवृत्तींतील आवाज

इंग्लिश आवृत्तींसाठी काही डबिंग न्यूयॉर्कमध्ये, तर बरेचसे रोममध्ये वास्तव्य करणाऱ्या इंग्लिशभाषक नटांकडून होत असे. 'जँगो'च्या इंग्लिश आवृत्तीत नेरो यांचा आवाज टोनी रसेल यांचा आहे. रसेल हे स्वतः इटालियन चित्रपटांत काम करणारे अमेरिकन अभिनेते होते. रोममधील इंग्लिश डबिंग कलाकारांच्या संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष होत.

अमेरिकन अभिनेते बर्नार्ड ग्रँट यांनी 'डॉलर्स' मालिकेतील पहिल्या दोन चित्रपटांत वोलोन्ते यांना इंग्लिश आवाज दिला. त्यांच्या पत्नी, अभिनेत्री जॉयस गॉर्डन यांनी 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये क्लाउदिया कार्दिनाले यांच्या भूमिकेला आवाज दिला. कार्दिनाले यांचे नाव चित्रपटाच्या प्रमुख कलाकारांत आहे. गॉर्डन यांचा आवाज चित्रपटभर ऐकू येत असूनही पडद्यावर त्यांना श्रेय देण्यात आले नाही.

पुनरुज्जीवन व डबिंग

डबिंगवरील अवलंबनामुळे जुन्या चित्रपटांच्या जतनात वेगळ्याच अडचणी उद्भवतात. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची काही दृश्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शनापूर्वी कापण्यात आली होती, त्यामुळे त्यांचे इंग्लिश संवाद कधी ध्वनिमुद्रितच झाले नव्हते. या शतकाच्या आरंभी तयार झालेल्या विस्तारित इंग्लिश आवृत्तीसाठी ईस्टवूड व वॉलाक यांनी सुमारे साडेतीन दशकांनंतर आपले संवाद म्हटले. तेव्हा ईस्टवूड सत्तरीच्या, तर वॉलाक ऐंशीच्या पुढे होते. ली व्हॅन क्लीफ यांचे १९८९ मध्ये निधन झाले असल्याने त्यांचे संवाद सायमन प्रेस्कॉट यांच्या आवाजात मुद्रित करण्यात आले. परिणामी या आवृत्तीत त्याच तरुण चेहऱ्यांच्या तोंडी काही दृश्यांत वृद्ध झालेले स्वर ऐकू येतात, आणि व्हॅन क्लीफ यांचे पात्र एकाच चित्रपटात दोन व्यक्तींच्या आवाजांत बोलते.