वाघीण

मागच्या लेखानंतर पुतण्याने विचारलं, "काका, तुम्हाला मालगाडीच्या डब्यांचं वेड कधी लागलं?" आमच्या अक्कलकुवा तालुक्यात रेल्वे नाही, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. जवळचं स्टेशन नंदुरबार. सुरत ते अमळनेर ही तापी व्हॅली रेल्वे 1900 च्या सुमारास पुरी झाली, तेव्हापासूनचं.

वेड लागलं ते एका गणितामुळे. ऐंशीच्या दशकात मी आश्रमशाळेत शिकवत होतो, तेव्हा आपला जिल्हा धुळे होता. गणित असं : एका मालगाडीला 40 वाघिणी आहेत, प्रत्येकीत इतके क्विंटल धान्य. मणिबेलीचा एक मुलगा उभा राहिला. "गुरुजी, वाघिणी धान्य कशाला नेतील?" वर्ग हसला नाही. सगळ्यांना तीच शंका होती. त्यांच्या घरी वाघदेवाची पूजा होते आणि वाघीण म्हणजे वाघीणच. इंग्रजी 'वॅगन'ची मराठी जिभेने वाघीण केली, हे मी फळ्यावर लिहून सांगितलं, पण डबा कसा असतो हे मलाही धड सांगता येईना. नंदुरबारला जाऊन पाहून आलो, चित्र काढलं.

मग पुस्तक शोधू लागलो. मराठीत मला इंजिनांवर, प्रवासावर सापडलं, वाघिणींवर काही नाही. इंग्लंडात मात्र डॉन रोलंड यांनी 1985 साली ब्रिटिश रेल्वेच्या वाघिणींवर पुस्तक काढलं, त्याच्या नावातच 'पहिले पाच लाख' असं आहे! अमेरिकेत तर डब्यांच्या मालकीची आणि मापांची नोंदवहीच 1885 पासून छापली जाते. आपल्याकडे शौकिनांसाठी नव्हे, कामगारांसाठी पुस्तकं होती. भुसावळच्या एका नातलगाने मला रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनच्या नियमांचा तिसरा भाग दाखवला. एका रेल्वेची वाघीण दुसरीच्या रुळावर जायची, मग ती मोडली तर जबाबदार कोण, कोणता दोष असला की ती चालवायची नाही, याचे ते नियम. रुक्ष वाटतं, पण मला त्यात कादंबरीसारखी गोडी लागली. लखनौची आरडीएसओ ही संस्था (स्थापना 1957) वाघिणींचे नकाशे तयार करते, ते मात्र आपल्यासारख्यांच्या हाती लागणं अवघड.

अक्षरांचा अर्थ समजला की मालगाडी वाचता येते. 'बीसीएन' घ्या : बी म्हणजे बोगी, सी म्हणजे बंद, एन म्हणजे हवेच्या दाबाचा ब्रेक. कोळशाची उघडी 'बॉक्सएन' भरल्यावर 81 टनांच्या पुढे जाते, आणि अशा 58 वाघिणी एका गाडीला. त्या गणितातल्या चाळीस आता कमीच वाटतात!

प्रत्येकीवर अकरा अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं साल, मग चार तिचे स्वतःचे, आणि शेवटचा तपासणीचा. सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज तिप्पट करा, विषम स्थानांची बेरीज मिळवा, पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडतात तो शेवटचा अंक. लिहिणाऱ्याचा एक अंक चुकला की क्रमांक स्वतःच ओरडतो.

त्या मुलाचं गाव, मणिबेली, सरदार सरोवरात जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. 1991 पासून तिथे पावसाळ्यात सत्याग्रह झाले. 1993 मध्ये जागतिक बँकेचं कर्ज थांबलं, 1994 च्या जागतिक जाहीरनाम्याला याच गावाचं नाव दिलं गेलं. पाणी तरी आलंच. काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली. त्याच्या वडिलांची डोंगरावरची नेवाडाची जमीन सातबाऱ्यावर नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कसली, पण कागदावर नाही, म्हणून मोबदल्यात मोजली गेली नाही. मी त्याच्यासाठी तीन अर्ज लिहून दिले. माझं अक्षर चांगलं, म्हणून.

तो आता पन्नाशीच्या पुढे आहे. धरणाजवळ केवडियाला 2021 च्या जानेवारीत स्टेशन झालं तेव्हा फोन केला होता : "गुरुजी, आमच्याकडे गाडी आली, पण वाघीण नाही."

गेल्या महिन्यात वडोदऱ्याकडे फाटकावर अडकला आणि तिथूनच एक क्रमांक सांगितला : 31030212753. मी पाटीवर मांडला. 31 म्हणजे बंद डबा, 03 म्हणजे उत्तर रेल्वे, 2002 सालची बांधणी. बेरीज 50 आली, म्हणजे शेवटी शून्य हवं, तीन नाही.

"तू चुकीचं वाचलंस," म्हणालो.

"गाडी गेली, गुरुजी. पण फोटो आहे."

फोटो आला. रंग उडालेला होता. सात नव्हता, चार होता. पुन्हा मांडलं, 47. जमलं.