परीक्षेच्या तोंडावर तोंडातली जखम

नव्या भागाचं हे लिखित रूप, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी.

जेवताना घाईत गाल चावला की डोळ्यांत पाणी येतं. पण आठवड्याभरात ते आठवतही नाही. उलट लहानपणी सायकलवरून पडून फुटलेल्या गुडघ्याचा वण वर्षानुवर्षं राहतो. आता बघा, तोंडात जंतू भरपूर, वर तिखट-मीठ, गरम चहा, सगळं चालूच. तरी तिथली जखम लवकर भरते आणि वणही सहसा राहत नाही. असं का? आज ह्याच प्रश्नाचा इतिहास. आणि त्यातला बराचसा भाग तुमच्याच वयाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडात घडलाय, अगदी शब्दशः.

सुरुवात हिरड्यांपासून करू. १९६५ साल, डेन्मार्कमधलं ऑर्हूस शहर. हॅराल्ड लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी लोकांना सांगितलं, दात घासायचे बंद करा. त्यातले बहुतेक डेंटलचे विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या. हिरड्या सुजतात त्या दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे, म्हणजे प्लाकमुळे, हे इतक्या सरळपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं.

मग हाच लो श्रीलंकेला पोचला. १९७० मध्ये तिथल्या दोन चहामळ्यांतल्या ४८० पुरुष मजुरांची तपासणी सुरू झाली. वयं १४ ते ३१. दात घासायची सवय नाही, दातांचा डॉक्टर माहीत नाही. १५ वर्षं ठरावीक काळाने त्यांची तोंडं तपासली गेली. १९८६ मध्ये निष्कर्ष छापून आले: ८ टक्के लोकांत हिरड्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत हिरड्या सुजण्यापलीकडे काहीच झालं नाही.

मला इथे थांबावंसं वाटतं. ऑर्हूसच्या विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांत ब्रश परत मिळाला. मळ्यातल्या मजुरांचा अभ्यास मात्र उपचारांचा नव्हताच, आजार आपल्या गतीने कसा वाढतो ते पाहण्याचा होता. सुजलेली हिरडी परत येते, पण दाताखालचं झिजलेलं हाड तसं परत येत नाही. हे आकडे पाठ्यपुस्तकांत असतात. ते कुणाच्या दातांचे आहेत, हेही वाचताना लक्षात असावं.

पण त्या ११ टक्क्यांनी एक कोडं घातलं. प्लाक सगळ्यांच्याच दातांवर होता, मग ह्यांचं हाड कसं टिकलं? म्हणजे फक्त जंतू मोजून भागणार नव्हतं. शरीर त्यांना काय उत्तर देतंय, तेही बघायला हवं होतं.

इथे जनुकं येतात. घाबरू नका, सोपं आहे. तुमच्या गालातल्या आणि गुडघ्याच्या पेशीत जनुकं तीच आहेत. इमारतीतल्या प्रत्येक फ्लॅटचं वायरिंग सारखंच असतं, फरक असतो कुठल्या घरात कुठला दिवा लावलाय ह्याचा. जनुक ‘चालू’ झालं की त्याच्या झेरॉक्स निघतात. त्यांना म्हणतात एम-आरएनए. त्या मोजल्या की कुठला दिवा किती जोरात लागलाय ते कळतं.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमध्ये फिलिप मारुचा, जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी एक भन्नाट प्रयोग छापला. डेंटलच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. (स्वतःहून तयार झाले होते हो, मीही आधी तेच तपासलं!) परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे ४० टक्के जास्त वेळ. एकाचीही जखम सुट्टीतल्याइतकी लवकर भरली नाही. आणि इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचं जे जनुक जखम भरण्याच्या सुरुवातीला लागतं, त्याच्या झेरॉक्स ६८ टक्क्यांनी घटल्या होत्या. ११ जण म्हणजे फार नाहीत, मान्य. तरी टेन्शनचा परिणाम थेट जनुकाच्या पातळीवर मोजलेला बघून मी चकित झालो.

२००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या संशोधकांनी लोचाच प्रयोग नव्या साधनांनी केला: प्लाक साचू द्यायचा, मग साफ करायचा, आणि हिरडीतली हजारो जनुकं एकदम तपासायची. हिरडी सुजताना पुष्कळ दिवे बदलले, स्वच्छतेनंतर बहुतांशी मूळ जागी आले.

आणि २०१८ मध्ये गाल-गुडघ्याच्या कोड्याचं बरंचसं उत्तर मिळालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ३० निरोगी लोकांच्या गालात आणि दंडावर सारख्याच छोट्या जखमा केल्या आणि त्या भरताना जनुकं वाचली. गालात जखम भरणारी जनुकं जखम होण्याआधीच चालू होती! स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभी असलेली एसटी आठवा, बेल वाजली की निघाली. दंडाच्या त्वचेत आधी गाडी स्टार्ट करावी लागते. ह्या तयारीमागे सॉक्स-२ आणि पिट्क्स-१ अशी जनुकं सापडली. उंदराच्या त्वचेत सॉक्स-२ वाढवल्यावर तिथली जखमही लवकर भरली.

मग त्याचं मलम का नाही? मधुमेह्यांच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमांना ते केवढं उपयोगी पडेल! अडचण ही की काही कर्करोगांतही सॉक्स-२ वाढलेलं दिसतं. कायम चालू ठेवलं तर धोका, म्हणून वेळेवर बंद करता यायला हवं.

राहिले चहामळ्यातले ते ११ टक्के. हजारो जनुकं एकाच वेळी मोजण्याचं तंत्र, मायक्रोअॅरे, आलं १९९५ मध्ये. मळ्यातल्या त्या १५ वर्षांच्या अभ्यासातली शेवटची तपासणी १९८५ ची. त्या माणसांच्या हिरड्यांत कुठले दिवे लागलेले होते, ते बघायला तेव्हा कुणाकडेच साधन नव्हतं.

पुढच्या भागात भेटू.