यादीतले आपले नाव

श्रोतेहो, गावात निवडणुकीचा विषय निघाला की बोलणे लगेच उमेदवारांवर जाते. कोण उभा राहणार, पॅनेल कोणाचे, कोणती भावकी कोणाकडे झुकली! आज मी उमेदवारांविषयी एक अक्षरही बोलणार नाही. मला सांगायचे आहे ते मतदारयादीविषयी. ही यादी दिसायला रुक्ष. शंभर नावे, वडिलांचे नाहीतर पतीचे नाव, घर क्रमांक, वय. पण या कागदामागे इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या आयाबहिणींच्या नावांची एक गोष्ट आहे.

इंग्रजांच्या अमलात मत हे माणसाला नव्हते, मालमत्तेला होते असे म्हटले तरी चालेल. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक कौन्सिलांसाठी मतदार ठरले ते मुख्यतः शेतसारा, घर आणि कर पाहून. ज्याच्या नावावर पुरेसा सारा, त्याचे नाव यादीत. मग कूळ, शेतमजूर, गावकुसाबाहेरचा माणूस यांचे काय? ते बहुतेक यादीच्याही बाहेरच राहिले. मुंबई इलाख्यात १९२१ साली कौन्सिलने ठराव करून स्त्रियांना मताचा हक्क दिला खरा. पण मालमत्तेची अट तीच ठेवली. सातबारा पुरुषाच्या नावावर, तर यादीत बाई येणार कुठून?

वयात आलेल्या प्रत्येकाला मत द्या, ही मागणी त्या काळी धाडसाची होती. सायमन कमिशनशी सहकार्य करण्यासाठी नेमलेल्या मुंबई प्रांताच्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. समितीच्या अहवालावर सही न करता त्यांनी मे १९२९ मध्ये आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात प्रौढ मताधिकाराची स्पष्ट शिफारस केली. ती मानली गेली नाही.

पुढे १९३५ चा कायदा आला. मतदार वाढून देशभरात तीन कोटींच्या वर गेले. तरीही बहुसंख्य प्रौढ वगळलेलेच होते. या कायद्यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नवऱ्याची मालमत्ता ठरलेल्या मर्यादेइतकी असेल, तर त्याच्या पत्नीलाही मत मिळे. म्हणजे बाईला मत मिळाले, पण ते 'अमक्याची बायको' म्हणून!

स्वातंत्र्यानंतर मात्र पाऊल मोठे पडले. राज्यघटना मंजूर व्हायची होती, मसुद्यावर चर्चा चालू होती, आणि त्याआधीच, १९४८ साली, घटना समितीच्या सचिवालयाने प्रांतांना प्रौढ मताधिकाराच्या याद्या करण्याच्या कामाला लावले. फाळणीने घरदार सुटलेल्या निर्वासितांचे काय, हा प्रश्न आला. 'मी इथेच कायमचा राहणार' एवढ्या त्यांच्या प्रतिज्ञेवर त्यांची नावे घेण्याची सोय झाली. ज्याला घर नव्हते त्याला यादीत जागा मिळाली!

पण जुनी सवय आडवी आली. नाव लिहायला माणूस दारात उभा राहिला, की कित्येक ठिकाणी बाईचे नाव सांगितलेच जात नसे. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच उत्तर. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली : मतदाराची ओळख त्याच्या स्वतःच्या नावाने झाली पाहिजे. बिहारात नावे दुरुस्त करण्यासाठी मुदतही वाढवून दिली, आणि तिचा चांगला उपयोग झाला. तरीसुद्धा देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे वगळावी लागली. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांतल्या होत्या. घटनेने दिलेला हक्क उंबरठ्यावरच अडला, का, तर नाव सांगायचा संकोच!

ही पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी चालली. मतदार सतरा कोटींहून अधिक. आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावले होते. अक्षर येत नसले तरी अडत नव्हते. यादीत नाव नसले तर मात्र अडत होते. आजही तसेच आहे.

"ती दूरची गोष्ट झाली, आपल्याकडे कुठे असं होतं?" असे तुम्ही म्हणाल. मग आपल्या गावाकडे वळू. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवरीचे नवे नाव लिहितात. ताटातले नाव त्या दिवशी बदलते. मतदारयादीतले नाव आपोआप बदलत नाही. लेक सासरी नांदते आणि तिचे नाव माहेरच्या यादीत पडून राहते. माहेरी मतदानाला येणे होत नाही, सासरी नाव नाही. बाई दोन्हीकडची, आणि मत कुठलेच नाही!

यात नुकसान एका मताचेच नाही. आपला ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. पण पंचायतीला उभे राहायचे तर वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत आणि त्याच गावच्या यादीत नाव हवे. ग्रामसभेचा सभासदही यादीत नाव असलेलाच. नाव नाही, तर मत नाही, उमेदवारी नाही, ग्रामसभेत हक्काचा हातही नाही.

आता कामाचे सांगतो. ग्रामपंचायतीची यादी वेगळी नोंदवली जात नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो. त्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभागवार तुकडे पाडतात. पंचायतीची प्रारूप यादी चावडीवर लागली की प्रभाग चुकल्याची किंवा लेखनातल्या चुकीची हरकत घेता येते. पण विधानसभेच्या यादीतच नसलेले नाव तेव्हा घुसडता येत नाही. म्हणून निवडणूक लागेपर्यंत थांबू नका. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्तीसाठी किंवा राहण्याचे ठिकाण बदलले असेल तर नमुना ८. गावातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे चौकशी करा. तो पुष्कळदा तुमच्याच शाळेतला शिक्षक असतो. मताचे वय १९८९ साली २१ वरून १८ वर आले, आणि २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चारही महिन्यांच्या १ तारखा त्यासाठी धरल्या जातात.

गुरुजनहो, एक विनंती तुम्हाला. वरच्या वर्गातल्या मुलांना घरी एक काम द्या : आजीचे, आईचे, नव्या वहिनीचे नाव यादीत कसे लिहिले आहे ते पाहून या. आजीला तिचे नाव तिच्याच तोंडून सांगायला लावा आणि यादीतल्या नावाशी ताडून पाहा. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही. आणि वहिनीचे नाव सापडले नाही, तर तो नमुना त्याच संध्याकाळी भरायला बसा.