अकराची घंटा

शाळेचा इतिहास लिहिताना इमारती, मुख्याध्यापक आणि दहावीचे निकाल यांची नोंद होते. घंटा किती वाजता व्हायची, हे कोणी लिहून ठेवत नाही. यंदाच्या मेळाव्यात माजी विद्यार्थी निधीतून दहावीसाठी सकाळी सहाचे जादा तास सुरू करण्याची सूचना आली आहे. त्यावर बोलण्याआधी ही नोंद हवी.

आपली शाळा अकराला भरायची, पाचला सुटायची. ही वेळ मुलांच्या झोपेचा विचार करून ठरलेली नव्हती. काष्टीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुलं पायी, सायकलवर, एसटीने यायची. त्याआधी धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, वैरण आणायची. उसाला रात्रीची वीज असली की नववी-दहावीतली पोरं वडिलांबरोबर दारं धरायला जायची. तरीही अकराच्या प्रार्थनेला ती हजर असायची, आणि बहुतेक जागी असायची.

शनिवारची गोष्ट वेगळी. सकाळी साडेसातची शाळा आणि सुटल्यावर जनावरांचा बाजार. पहिल्या तासाला मागचे बाक पेंगायचे. सरांना वाटायचं, पोरांचं लक्ष बाजारात आहे. ते काही अंशी खरंही होतं.

उरलेलं कारण पुढे शास्त्रज्ञांनी दाखवलं. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, म्हणून लवकर आडवं झालं तरी डोळा लागत नाही. या वयाला मात्र आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये शिफारस केली, की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. तिथल्या दोन शाळांच्या अभ्यासात मुलांची झोप साधारण ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून याचा कायदाच लागू झाला.

आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितलं. चांगला निर्णय. पण तो चौथीपाशी थांबला. ज्यांचं शरीरच उशिरा झोपायला सांगतं, ती आठवी ते दहावीची मुलं त्यात आली नाहीत.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावर चालते. काष्टी त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे अर्धा तास मागे असतो. जानेवारीत तो सातनंतर उगवतो. सहाच्या तासाला वस्तीवरच्या मुलीने साडेचारला उठायचं, अंधारात रस्ता धरायचा आणि पुढे पाचपर्यंत शाळा करायची. रात्री अभ्यासाला बसली तर तिच्या वाट्याला पाच-सहा तासांची झोप उरेल.

सूचना करणाऱ्या मित्रांची तळमळ खरी आहे. पहाटे उठून शिकवायला तयार झालेल्या गुरुजनांबद्दल आदरच आहे. संध्याकाळी तास घ्यावेत तर मुलींना घरी पोहोचायला अंधार होतो, हेही खरं. म्हणून माझी विनंती एवढीच आहे, की जादा तास दहा ते अकरा या वेळेत घ्यावेत. एसटीने लवकर येणारी मुलं तशीही तेव्हा मैदानात बसलेली असतात. जी पायी येतात, त्यांच्यासाठी निधीतून सायकली घेता येतील.

आपल्याला अकराची घंटा नकळत मिळाली. तिचा फायदा आता कळला आहे, तेव्हा पुढच्या मुलांकडून ती आपणच काढून घेऊ नये.