किसीच्या दवाखान्यात नसलेला आजार

आफ्रिकन माणसाचं बीपी त्याच्या रक्तातच असतं, असं माझे कितीतरी डॉक्टर मित्र आजही सहज बोलून जातात. अर्धं अंग लुळं पडलेले, पन्नाशीही न गाठलेले रुग्ण बघत माझी केनियातल्या किसुमूतली नोकरी झाली, म्हणून हे बोलणं मला सहन होत नाही. किसुमूच्या दक्षिणेला किसीच्या डोंगराळ मुलखात ही समजूत खोटी पाडणारी नोंद कधीच होऊन गेली आहे.

सी. पी. डॉनिसन हे तिथे सरकारी डॉक्टर होते. दोन वर्षांत त्यांच्या दवाखान्यात सुमारे १८०० रुग्ण दाखल झाले. रक्तदाब वाढलेला त्यांत एकही सापडला नाही. मग त्यांनी हजारभर धडधाकट पुरुषांच्या दंडाला पट्टा बांधला. चाळिशीपर्यंत आकडे युरोपियनांसारखेच आले. त्यापुढे युरोपियनांचा दाब वयाबरोबर चढतो; इथे तो उतरत गेला. १९२९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

पुढे १९३७ च्या पुस्तकात डॉनिसननी रक्तदाबासारख्या आजारांचा संबंध आधुनिक राहणीशी जोडला. मला हे उत्तर मोघम वाटतं; राहणीत नेमकं काय बदललं ते बघायला हवं. १९०१ मध्ये रेल्वे किसुमूला पोचली.  त्याच सुमारास इंग्रजांनी झोपड्यांवर कर बसवला. तो भरायला रोकड हवी, आणि रोकड मिळायची ती गोऱ्यांच्या मळ्यांवर नाहीतर शहरात. घरची केळी, रताळी, शेंगा, पालेभाज्या मागे ठेवून बाप्ये बाहेर पडले आणि विकतच्या शिध्यावर जगू लागले.

शिध्याचा परिणाम उत्तर केनियातल्या सांबुरूंमध्ये स्वच्छ दिसला. हे गुराखी मुख्यतः दुधावर जगणारे. १९६० च्या दशकात ए. जी. शेपर यांनी त्यांना तपासलं, तेव्हा म्हातारपणीसुद्धा त्यांचा दाब चढत नव्हता. त्यांचीच तरुण पोरं सैन्यात भरती झाली, रेशनमधून रोजचं मीठ कितीतरी वाढलं आणि दाबही वाढला.

नंतर नील पोल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाहून नैरोबीला गेलेल्या लुओ जमातीच्या लोकांचा पाठपुरावा करून मागे राहिलेल्यांशी त्यांची तुलना केली. ते निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. शहरात आलेल्यांचं वजन जास्त, नाडी जलद, लघवीत पोटॅशियमच्या मानाने सोडियम जास्त, आणि दाबही वरचा. एकाच मुलखातली, एकाच रक्ताची माणसं! नैरोबीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात मी जेवलो आहे. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तिच्याबरोबरची सुकुमाची पालेभाजी पाकिटातला खारट मसाला घालून परतलेली होती, आणि तरीही पहिला घास घेण्याआधी घरधन्याने तिच्यावर मिठाची चिमूट भुरभुरवली.

असा दाब वर्षानुवर्षं राहिला की मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होतात. मग एखादी तुंबते, एखादी फुटते; हाच स्ट्रोक. तोवर दुखत काहीच नाही, आणि सगळा घात इथेच होतो. “दाक्तारी, डोकं दुखत नाही, शेतात काम करतोय, मग गोळी कशाला?” असं विचारणारा एक म्झे, म्हणजे गावातला वडीलधारा माणूस, मला आठवतो. गोळ्यांचे पैसे त्याने नातवाच्या फीला लावले होते. पुढच्या पावसाळ्यात त्याला खाटेवर घालून आणलं. उजवा हात गेला होता, वाचाही गेली होती.

२०१८ मध्ये नायजेरिया आणि घानातल्या दोन हजारांहून अधिक स्ट्रोकच्या रुग्णांची स्ट्रोक न झालेल्या तेवढ्याच माणसांशी केलेली तुलना प्रसिद्ध झाली. मायोवा ओवोलाबी यांच्या नेतृत्वाखालच्या या कामात दहापैकी नऊ स्ट्रोकचा धागा वाढलेल्या रक्तदाबाशी जुळला. पालेभाजी क्वचित खाणं आणि ताटात वरून मीठ घेणं हीसुद्धा स्ट्रोकचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत होती.

घरातल्या सगळ्यांचं ताट एकच, म्हणून वॉर्डात मी रुग्णाइतकंच त्याच्या उशाशी बसलेल्यांकडे बघायचो. भाऊ, बायको, थोरला मुलगा, सगळ्यांच्या दंडाला पट्टा बांधायचो. कित्येकांचा दाब आयुष्यात पहिल्यांदाच मोजला जात होता आणि तो वरच असायचा. त्या म्झेच्या थोरल्या मुलाचाही वर निघाला. त्याला स्वस्तातल्या साध्या गोळ्या लिहून दिल्या, दर महिन्याला यायला सांगितलं, आणि बायकोला बजावलं की मीठ शिजवतानाच बेताने घालायचं, ताटाजवळ मिठाचं भांडं ठेवायचं नाही.